पान कितवं चाललंय? एका वाचन ग्रुपचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच वाचन ग्रुपचं आहे. नावं कुणाचीच टाकलेली नाहीत आणि दोघातिघांचं काम, वय, गाव मुद्दाम बदललंय. ग्रुपमधल्यांना कोण कोण ते कळेलच, त्यांना आधी वाचायला दिलंय. मी तीन ॲडमिनपैकी एक, त्यामुळे माझी बाजू जरा जास्त येणार, तेवढं समजून घ्या.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत नव्वदावं साहित्य संमेलन भरलं होतं. आम्ही सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यातल्या सहाजणी तिथे गेलो, भाषणं दहा मिनिटं ऐकली आणि उरलेला दिवस पुस्तकांच्या स्टॉलवर काढला. येताना प्रत्येकीकडे पिशवी. मग कुणी काय घेतलं, आधी कोण वाचणार, मला कधी देणार, हे ठरवायला व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, एवढाच त्याचा उगम. पुस्तकं सोमवारी डब्यात हातोहात बदलायची आणि ग्रुपवर फक्त 'आणलंय का गं' एवढंच असायचं.

हळूहळू नवरे, नणंदा, ऑफिसातले, सोसायटीतले असे लोक आले, तरी २०२० पर्यंत चाळीसच्या आसपासच होतो. लॉकडाऊनमध्ये धाडकन वाढलो, एकशेतीसच्या वर. ट्रेन बंद, लायब्ररी बंद, आणि जो तो म्हणतोय काहीतरी सुचवा. त्यात पुण्याचे, सांगलीचे, बंगळुरूचे, दोघं तर न्यू जर्सीचे. म्हणजे आता हातोहात पुस्तक देणं शक्यच नव्हतं, उरलं ते फक्त सुचवणं. हा बदल तेव्हा आमच्या कुणाच्याच लक्षात आला नाही.

अडचण नेमकी काय होती

बाहेरून बघितलं तर ग्रुप जोरात होता. दिवसाला शंभर-दीडशे मेसेज. पण डिसेंबर २०२२ मध्ये आमच्यातली एक (तिला इथे 'बँकवाली' म्हणू, सुरुवातीच्या सहाजणींपैकी) मला डब्यात म्हणाली, 'अगं, या ग्रुपवर शेवटचं कधी कुणी काही वाचलं?' मी हसले. मग दादर येईपर्यंत मागे मागे स्क्रोल करत गेले आणि हसू गेलं.

रोजचं चित्र असं. सकाळी सुप्रभात आणि फुलांच्या फोटोवर एखादं वचन, जे पुलंचंही असायचं आणि विवेकानंदांचंही, तेच वाक्य. मग कुणीतरी पुस्तकांचा ढीग लावून काढलेला फोटो टाकायचं, 'आजची खरेदी', त्यावर तीस अंगठे. मग एखादा विचारायचा, 'काहीतरी चांगलं सुचवा.' आणि पाच मिनिटांत धो धो यादी यायची: मृत्युंजय, स्वामी, एक होता कार्व्हर, व्यक्ती आणि वल्ली, श्यामची आई, कोसला. वाईट आहेत का ही पुस्तकं? अजिबात नाही. पण ज्याला मराठी वाचायचा नाद आहे आणि वय तिशीच्या पुढे आहे त्याला ही नावं माहीत नसतील का हो? ते म्हणजे डोंबिवलीकराला सांगणं की फास्टने लवकर पोचशील.

मी एक खटाटोप केला. मागच्या वर्षभरात 'सुचवा' म्हणणारे जे होते त्यातल्या सातजणांना वेगळं फोन करून विचारलं की मग त्यातलं काय वाचलंत. एकानेही एकही नाही. एकजण म्हणाला, 'मेसेजला स्टार करून ठेवलाय.' दुसरी म्हणाली, 'चाळीस नावं आली, कुठलं घ्यायचं तेच कळेना, मग सिरीज बघितली.' आणि तिसरीचं उत्तर माझ्या डोक्यात अजून आहे. ती म्हणाली, 'मला त्यांनी सांगितलंच नाही ना, त्यांनी त्यांची आवड सांगितली.'

दुसरी गोष्ट त्याच फोनांत कळली, ती जास्त मजेशीर. सातही जण वाचत होते! फक्त ग्रुपवर सांगत नव्हते. एक नारायण धारप वाचत होती रात्री नवरा झोपल्यावर, आणि 'ग्रुपवर सर असतात, त्यांच्यासमोर भूतखेत काय सांगू' म्हणून गप्प. एकाने बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथा रद्दीवाल्याकडून उचलल्या होत्या (हजारावर लिहिल्या त्या माणसाने, अजून सापडतात). एकीचं पुस्तक चार महिने अर्धवट पडलेलं, आणि अर्धवट वाचून बोलायचं नसतं अशी तिची ठाम समजूत. म्हणजे खरं वाचन ग्रुपच्या बाहेर होतं आणि ग्रुपवर होती ती वाचनाची आरती.

इथे 'सर' कोण ते सांगते. रिटायर्ड प्राध्यापक, अफाट वाचन, कुठल्याही पुस्तकावर पाचशे शब्द लिहिणार, आणि लिहितातही सुंदर. पण त्यांचं परीक्षण आलं की खाली 'वा सर', 'नमन सर' आणि मग दोन दिवस शुकशुकाट. सरांचा यात काडीचा दोष नाही. पंगतीत पहिल्या पानावर कुणी श्रीखंडपुरी वाढून घेतली की शेजारी बसलेल्याला आपली पिठलंभाकरी काढायला लाज वाटते, तसं काहीतरी.

पीडीएफचं भांडण

हे सगळं असंच रेंगाळत राहिलं असतं, पण जानेवारी २०२३ मध्ये भडका उडाला. विदर्भातल्या एका छोट्या गावातले एक काका ग्रुपवर होते, त्यांच्याकडे मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफचा मोठा साठा. कुणी नाव काढलं की दोन मिनिटांत फाइल हजर. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी घेतल्या, मीसुद्धा घेतल्या, कबूल करते. त्या दिवशी त्यांनी एका अगदी नव्या कादंबरीची फाइल टाकली, बाजारात येऊन सहा महिने झाले नसतील. आमच्यात पुस्तकविक्रीत पस्तीस वर्षं काढलेले एक गृहस्थ आहेत, ते कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी सुटले. म्हणाले, मराठीत पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती असते, ती खपायला वर्षं जातात, तीनशेच्या पुस्तकामागे लेखकाला तीसेक रुपये, तेही मिळाले तर, आणि तुम्ही एकशेतीस लोकांना एका बोटाने वाटून टाकलंत.

काका म्हणाले, मी विकत नाही, मी वाटतो. मग जे होतं ते झालं. एक पार्टी म्हणे ज्ञान फुकटच असावं, दुसरी म्हणे मग तुमचा पगारही फुकट द्या. रात्री अकरापर्यंत चाललं. एकाने 'चोर' शब्द वापरला. आम्ही तिघी ॲडमिन वेगळ्या खोलीत, म्हणजे वेगळ्या चॅटवर, काय करायचं यावर बोलत होतो, आणि साडेअकराला मी ग्रुप 'फक्त ॲडमिन पाठवू शकतील' यावर टाकला, फाइल सगळ्यांसाठी डिलीट केली आणि खाली लिहिलं, 'यापुढे पीडीएफ टाकणाऱ्याला काढण्यात येईल.'

सकाळी काका ग्रुप सोडून गेले होते.

हा पहिला निर्णयाचा क्षण आणि तो मी चुकवला. नियम बरोबर होता, अजूनही तोच आहे. चूक झाली ती क्रमाची. आधी फोन करायला हवा होता. फोन मी केला, पण आठ महिन्यांनी. तेव्हा कळलं की त्यांच्या तालुक्याला वाचनालय आहे पण नवीन पुस्तक येतच नाही म्हणा ना, आणि डोळ्यांमुळे त्यांना छापील अक्षर नीट दिसत नाही, टॅबवर बोटांनी मोठं करून वाचतात. साठा जमवला तो त्यासाठी. त्यांना ई-बुक विकत घेता येतं आणि त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हे कुणी दाखवलंच नव्हतं. एका माणसाने पंधरा मिनिटं दिली असती तर काम झालं असतं. आम्ही त्याऐवजी रात्रभर कायदा शिकवला.

पर्याय काय होते

ग्रुप बंद ठेवून आम्ही आठवडाभर विचार केला. खरं तर आठवडाभर भांडलो.

बँकवालीचं म्हणणं, ग्रुप मोडा, परत सहाजणींचा करा. मला ते मनातून पटलेलं. पण बंगळुरूची एक मुलगी आम्हाला खासगीत लिहून गेली की आठवड्यात मराठी ती फक्त इथेच वाचते, मग मोडायची छाती होईना.

दुसऱ्या ॲडमिनला एक्सेलची शीट हवी होती, पुस्तक, लेखक, प्रकार, पाचपैकी किती तारे. मी म्हटलं तारे कोण देणार? धारपांना चार आणि 'रणांगण'वाल्या विश्राम बेडेकरांना साडेतीन असं झालं तर सर आजारी पडतील. चेष्टा सोडा, पण तारे देऊन काहीच कळत नाही हे खरंय. मला कुणाला काय आवडलं यापेक्षा ते मला का आवडेल ते हवं असतं.

तिसरा पर्याय, ॲडमिननेच पोस्ट करायची, बाकीच्यांनी वाचायचं. शांतता मिळाली असती, स्मशानातली.

चौथा, महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी मिळून वाचायचं. हा सगळ्यांना आवडला, कारण ऐकायला छान वाटतो.

पहिला प्रयत्न, जो फसला

मार्च २०२३ साठी पोल टाकला, आणि पोलमध्ये एक भलीमोठी, नावाजलेली कादंबरी निवडून आली. निवडून देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती नावाजलेली म्हणूनच निवडली होती हे नंतर कळलं. किंमत सातशेच्या पुढे. डोंबिवलीतल्या आमच्या लायब्ररीत एक प्रत, ती आधीच कुणाकडे तरी गेलेली. न्यू जर्सीच्या जोडप्याला पोस्टाने मागवायची तर पुस्तकापेक्षा पोस्टेज जास्त. महिना संपला तेव्हा पूर्ण वाचलेले चौघं, त्यात सर, आणि सरांनी ती आधीच दोनदा वाचलेली.

एप्रिलला आम्ही शहाण्या झालो, बारीक पुस्तक घेऊ म्हटलं. विश्राम बेडेकरांचं रणांगण, १९३९ सालचं, दोन बैठकींत संपेल असं. बोटीवरचा प्रवास आहे, युद्ध तोंडावर, एक मराठी तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. वीसबावीस जणांनी वाचलं, चर्चाही बरी झाली. पण त्यातही एक काकू म्हणाल्या ते खरं होतं: 'वाचलं बाई, पण सासूबाई हॉस्पिटलात असताना मी आपणहून हे हातात घेतलं नसतं.' मे महिन्यात उन्हाळ्याच्या सुट्या, कुणी वाचलंच नाही, आणि आम्ही ते गुंडाळलं.

जिथे सगळे एका गावात आहेत आणि एकेक प्रत फिरू शकते तिथे ही पद्धत चालत असेल. आमच्यासारख्या पांगलेल्या ग्रुपवर ती गृहपाठ होते.

मग काय केलं

जूनमध्ये आम्ही दोनच गोष्टी ठेवल्या, आणि दोन्ही सुचल्या त्या डब्यातल्या जुन्या दिवसांवरून. डब्यात कुणी परीक्षण करायचं नाही. कुणीतरी म्हणायची, 'कुठवर आलीस?' आणि पुस्तक देताना म्हणायची, 'तुला आवडेल, तुझ्या त्या मावससासूसारखी बाई आहे यात.' बस.

पहिली गोष्ट 'सध्या'. दर रविवारी संध्याकाळी, ज्याला वाटेल त्याने, तीन ओळी: पुस्तक कुठलं, पान कितवं, आत्ता डोक्यात काय चाललंय. पान नंबर सक्तीचा. यावर बरीच चेष्टा झाली पण खरी जादू त्या नंबरात होती. पान २३ वर असलेला माणूस विद्वत्ता दाखवू शकत नाही, त्याला फक्त एवढंच सांगता येतं की अजून कोण कुणाचा भाऊ ते कळलेलं नाही. अर्धवट असणं हा गुन्हा राहिला नाही, उलट तो नियमच झाला. सोडून दिलेलं पुस्तकही चालेल, पान लिहा आणि लिहा 'सोडलं'. ऑडिओबुक असेल तर पानाऐवजी तास-मिनिटं (ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर दोन रविवार वाया गेले, शेवटी ठरलं की लोकलमध्ये उभ्याने लोंबकळत जो ऐकतो त्याला वाचक म्हणायचंच). भाषा कुठलीही, बोलायचं मराठीत.

दुसरी गोष्ट 'फर्माईश'. 'काहीतरी चांगलं सुचवा' बंद. मागणाऱ्याने सांगायचं की कुणासाठी हवंय, किती वेळ आहे, काय नको आहे. आणि देणाऱ्याने एकच पुस्तक द्यायचं, स्वतः वाचलेलं, आणि ते याच माणसाला का ते सांगायचं. दुसरं नाव लिहिलं की मेसेज डिलीट. सरांचा मेसेज डिलीट करायची वेळ आली तेव्हा माझे हात खरंच थरथरले होते.

पीडीएफचा नियमही नीट लिहून पिन केला, धमकीशिवाय. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढची साठ वर्षं हक्क राहतात, गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. म्हणजे २०२३ साली, हयातीत छापलेल्या पुस्तकांपुरतं, १९६२ किंवा त्याआधी गेलेल्यांचं बिनधास्त टाका: हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी. रणांगण १९३९चं म्हणून मोकळं समजू नका, बेडेकर १९९८ला गेले. अनुवाद असेल तर मूळ लेखकाबरोबर अनुवादकाचाही हिशेब करायचा. आणि लेखकाने किंवा प्रकाशकाने स्वतःच फुकट ठेवलं असेल तर प्रश्नच नाही, फक्त फाइल न टाकता तिथली लिंक द्या.

पहिल्या रविवारी नऊ जणांनी 'सध्या' लिहिलं. त्यातल्या तिघी आम्हीच. मी लिहिलं की नारायण धारप, पान ८७, आणि रात्री बाथरूमला जाताना दिवा लावतेय. खोटं नाही, खरंच वाचत होते, त्या फोननंतर मुद्दाम आणलं होतं. दहा मिनिटांत ती मूळ धारपवाली आली, 'कुठलं कुठलं, सांगा सांगा.' मग अर्नाळकरवाला आला. आणि मग सर. माझी छाती धडधडत होती. सरांनी लिहिलं, 'मी इंटरला असताना धारप वाचून वसतिगृहात तीन रात्री दुसऱ्याच्या खोलीत झोपलो होतो.' त्या एका मेसेजने ग्रुप जेवढा मोकळा झाला तेवढा आमच्या सगळ्या नियमांनी मिळूनही झाला नसता.

कोसलाचं एक उदाहरण सांगते. बंगळुरूच्या मुलीने लिहिलं, 'तिसऱ्यांदा सुरू केलंय, पान ४०, तिसऱ्यांदाही सुटणार असं वाटतंय.' पूर्वी तिला उत्तर आलं असतं की थोर कादंबरी आहे, चिकाटी ठेव. आता एकाने लिहिलं, 'मनीपर्यंत जा, मग सोडायचं तर सोड.' (मनी म्हणजे नायकाची धाकटी बहीण.) झालं, लगेच दुसरा, 'स्पॉयलर देऊ नका!' १९६३च्या पुस्तकाला स्पॉयलर! त्यावर अर्धा तास दंगा. पण मुलगी मनीपर्यंत गेली. मध्यरात्री तिचा एकच मेसेज, 'पोचले. आत्ता बोलू नका माझ्याशी.'

मोतीबिंदूची फर्माईश

सगळ्यात चांगली वळली ती ही. ठाण्याच्या एका ताईंनी लिहिलं: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वय ७९, डोळ्याला ताण नको म्हणून मी रोज रात्री वीस मिनिटं वाचून दाखवणार, रडकं नको, देवाधर्माचं नको, पुलं तिला पाठ आहेत.

इथे 'एकच आणि का' या नियमाचा कस लागला. सात उत्तरं आली. कुणी विनोदी कथा दिल्या, पण मोठ्याने वाचताना त्या फुसक्या होतात असं ताईंनी करून बघून सांगितलं, कारण छापील कोट्या डोळ्यांसाठी असतात, कानाला नाही लागत. एकाने प्रवासवर्णन दिलं, आई दुसऱ्या रात्री झोपून गेली. शेवटी बँकवालीने लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे सुचवली. कारण असं दिलं: 'बाई लिहीत नाहीत, बोलतात. धड शाळा न झालेल्या बाईची भाषा आहे, तुमच्या आईच्या आजीसारखी. वडिलांचं ते सोवळ्याचं वेड पहिल्या पंधरा मिनिटांतच येतं, तिथे हसल्या नाहीत तर बंद करा. पुढे दुःख आहे, पण रडकं नाही.' वर, जुनं म्हणून रीतसर फुकट मिळतं, हेही.

ताईंनी मग 'सध्या'मध्ये दर रविवारी आईचा रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. पान नंबर आणि आईची टिप्पणी. आई लक्ष्मीबाईंशी भांडायच्या, त्यांच्या नवऱ्यावर, कवी ना. वा. टिळकांवर, तर जाम चिडायच्या, 'हा असला कसला कवी, घरात दाणा नाही.' वीस मिनिटांची चाळीस झाली. दोन महिन्यांनी डोळे नीट झाले, चष्मा आला, तरी आईने स्वतः वाचायला नकार दिला. 'तूच वाच, मला भांडायला कुणीतरी लागतं.'

जिथे चुकलं

ऑक्टोबरमध्ये एकीने फर्माईश टाकली, 'प्रवासात वाचायला, हलकंफुलकं, घरगुती गोष्ट असलेलं.' एका उत्साही मेंबरने एक कौटुंबिक कादंबरी दिली, नियमाप्रमाणे एकच, वाचलेली, कारणासकट: 'तुमच्यासारखंच एकत्र कुटुंब.' तिसऱ्या भागात त्यात नवऱ्याचं आजारपण आणि मृत्यू येतो, सविस्तर. मागणारीचा नवरा सहा महिन्यांपूर्वी गेला होता. देणाऱ्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. तिने ते ट्रेनमध्ये वाचलं आणि मध्येच उतरून गेली. रात्री आम्हाला खासगी मेसेज, राग नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

आता काय करायचं? एक मत असं की प्रत्येक सुचवणीबरोबर सावधान म्हणून लिहायचं, आत मृत्यू आहे, आजार आहे, हिंसा आहे. सर म्हणाले साहित्याला सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा लावायचा का, मग महाभारतावर काय काय लिहाल? दोन्ही बाजूंत दम होता. आणि महाभारताचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नव्हता, कारण कुणाला काय टोचेल याची यादी संपणारच नाही.

शेवटी आम्ही इशारा लावला नाही. त्याऐवजी देणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारायचा, खासगीत: 'सध्या काय नको आहे?' एवढाच. लोक सांगतात. 'बाळंतपण नको', 'दारू पिणारा बाप नको', 'पुणं नको' असंही एकाने सांगितलं, का ते विचारलं नाही. हा उपाय पूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. ज्याने विचारल्यावरही सांगितलं नाही त्याचं काय, याचं उत्तर आमच्याकडे नाही. त्या बाईंना मी स्वतः भेटायला गेले. पुस्तकाविषयी आम्ही बोललोच नाही, पोहे खाल्ले.

निकाल

एकशेतीसचे आम्ही आता नव्वदच्या आत आहोत. चाळीसेक लोक हळूहळू गेले, बरेचसे सुप्रभातवाले, काही खरंच चांगले वाचणारेही, ज्यांना पान नंबर वगैरे पोरकट वाटलं. त्यांचं जाणं नुकसानच आहे, मी ते नाकारत नाही. दिवसाला शंभर मेसेज यायचे ते आता आठवड्याला तेवढे येतात. रविवारी पंचवीस-तीस जण 'सध्या' लिहितात, बाकीचे वाचतात.

पण फोन करून विचारलं तर (ती सवय मी ठेवलीय) फर्माईश करणाऱ्यांतले बहुतेक जण निदान पुस्तक हातात घेतात, आणि सोडलं तर कितव्या पानावर सोडलं ते सांगतात. आधी शून्य होतं, त्यामुळे याचा आनंद जरा जास्तच होतो.

परत करायचं झालं तर

विदर्भातल्या काकांना आधी फोन, नंतर नियम. हे पहिलं. ते परत आले नाहीत. आता ऑडिओबुकं ऐकतात म्हणाले, आणि मला दिवाळीला मेसेज करतात, पुस्तकाचं नाव काढत नाहीत.

पोल घेऊन महिन्याचं पुस्तक ठरवण्यात तीन महिने घालवले ते घालवले नसते. आणि ग्रुप चाळीसचा एकशेतीस होत होता तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं की आपण आता एकमेकांना ओळखतो का. कारण फर्माईशीची सगळी मदार ओळखीवर आहे. कुणाची मावससासू कशी आहे हे माहीत असेल तरच तिच्यासारखी बाई कुठल्या पुस्तकात आहे ते सांगता येतं. म्हणून हल्ली नवीन मेंबर घेतला की त्याला आवडती पुस्तकं विचारत नाही, कुठलं पुस्तक अर्धवट सोडलं आणि का, ते विचारतो. त्यात माणूस लवकर कळतो.

सरांबद्दल राहिलंच. त्यांनी लांब परीक्षणं लिहिणं बंद केलं नाही, पण ती आता फक्त कुणी मागितली की खासगीत पाठवतात, आणि मागणारे बरेच आहेत. ग्रुपवर मात्र तीन ओळी. गेल्या रविवारच्या अशा होत्या: 'तेच पुस्तक. पान ४१. तीन आठवडे झाले, पान ४१च.'

खाली पहिलं उत्तर धारपवालीचं: 'सर, सोडा की.'